नाडीला पासष्टीची वाट पाहायला लावू नका : ऑस्ट्रेलियात कामाला येणाऱ्या मराठी डॉक्टरांना खुले पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

येत्या वर्षभरात तुमच्यातले बरेच जण ज्या गावी जाऊन पडणार आहेत, त्याचं नाव आज विचारलं तर नकाशात शोधावं लागेल. परीक्षा झाली, नोंदणी झाली, आता सिडनी नाहीतर मेलबर्नमध्ये बस्तान बसवू, असं मनात धरून विमानात बसायचं, आणि मग कुणीतरी कलम १९ एबी समजावून सांगतं. बाहेर शिकलेल्या डॉक्टरांनी दहा वर्षं, जिथे डॉक्टर कमी आहेत अशा भागात काम केलं तरच मेडिकेअरचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य विम्याचं, बिल लावता येतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या अटीबद्दल तुम्ही काय काय लिहिता ते मी वाचते. मीही तेच लिहीत होते.

तर अशीच मी न्यू साउथ वेल्सच्या पश्चिमेला, डार्लिंग नदीकाठच्या एका गावात येऊन पडले. नदीला तिथले लोक बाका म्हणतात. दवाखाना अ‍ॅबोरिजिनल समाजाने, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांनी, स्वतः चालवलेला. संचालक मंडळ त्यांचं, मॅनेजर त्यांची, डॉक्टर तेवढी पगारावर आणलेली. ही पद्धत सिडनीच्या रेडफर्नमध्ये १९७१ साली सुरू झाली. सरकारी हॉस्पिटलात धड वागवत नाहीत म्हणून लोकांनी आपला दवाखाना आपणच काढला. आज देशभर असे दीडशेच्या आसपास आहेत. (मी ‘आदिवासी’ हा शब्द मुद्दामच वापरत नाही. तो उच्चारला की आपल्या डोळ्यासमोर मेळघाट आणि गडचिरोली येतं, आणि इथल्या माणसांकडे बघायचं राहून जातं.)

गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्यामुळे हे पत्र लिहिते आहे त्यांचंही नाव लिहीत नाही. एक तर ते रुग्ण होते, आणि दुसरं म्हणजे गेलेल्या माणसाचं नाव उच्चारू नये अशी तिथल्या घरांत रीत आहे. त्यांना अंकल म्हणते. वयाने मान असलेल्या प्रत्येकाला तिथे अंकल नाहीतर आंटी म्हणतात, आपल्या काका-मावशीसारखंच, नातं असो वा नसो.

अंकल ५४ वर्षांचे. मधुमेह होता, रक्तदाब होता. त्या वर्षात ते माझ्याकडे तीनदा आले. एकदा पायाच्या जखमेच्या ड्रेसिंगला, एकदा फ्लूच्या लशीला, एकदा गोळ्यांची चिठ्ठी नव्याने लिहून घ्यायला. तिन्ही वेळा बीपी घेतलं गेलं आणि नाडीही नोंदली गेली. फाइलमध्ये अजून आहे, १४८/८६, पल्स ८४. पण तो ८४ चा आकडा दंडाला पट्टा बांधणाऱ्या यंत्राने दिलेला. मिनिटाला ठोके किती ते आमचं यंत्र सांगतं, एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंतचं अंतर सारखं आहे की नाही ते सांगत नाही. त्यासाठी मनगटावर तीन बोटं ठेवावी लागतात. मी ती ठेवली नाहीत. एकदाही नाही.

चौथ्या वेळी त्यांना आणलं तेव्हा उजवा हात लोंबत होता आणि वाचा गेली होती. रात्री फ्लाइंग डॉक्टरच्या विमानाने हलवलं. तिकडे काढलेल्या पहिल्याच ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (एएफ) निघालं. त्या तीन भेटींत लय बिघडलेली होतीच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कधीकधी हा आजार येतो-जातो. मी बघितलंच नाही, म्हणून मला कधी कळणारही नाही.

डॉक्टर नसलेलं कुणी हे वाचत असेल तर दोन वाक्यांत सांगते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांनी, म्हणजे कर्णिकांनी, तालात आकसायचं सोडून नुसतं थरथरायला सुरुवात केली की डाव्या कर्णिकेच्या कोपऱ्यातल्या खिशात रक्त साचून राहतं, त्याची गुठळी होते, आणि ती सुटली की बहुधा मेंदूकडे जाते. पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट. बऱ्याच माणसांना काहीच जाणवत नाही, ना धडधड ना दम. आणि एकदा सापडलं, रक्त पातळ करणारी गोळी नीट चालू राहिली, तर पक्षाघाताची शक्यता दोन-तृतीयांशाने कमी होते. इतकं सरळ गणित आपल्या धंद्यात फार थोड्या ठिकाणी असतं.

आता पासष्टीकडे येते. ऑस्ट्रेलियाच्या हार्ट फाउंडेशनची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात की ६५ वर्षांपुढचा माणूस कुठल्याही कारणाने दवाखान्यात आला तर त्याची नाडी बघा, नाहीतर ईसीजीची पट्टी काढा. सल्ला चांगलाच आहे. मेलबर्नच्या उपनगरात बसून तो पाळला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण २०२०–२०२२ च्या आकड्यांप्रमाणे अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान ७१.९ वर्षं आहे आणि स्त्रियांचं ७५.६. बाकीच्या ऑस्ट्रेलियाच्या मानाने आठ-नऊ वर्षांनी कमी. मधुमेह, किडनीचा आजार, रक्तदाब हे सगळं या लोकांना दहा-वीस वर्षं आधी गाठतं. मग त्यांच्याच पाठीवर बसून येणारं एएफ तेवढं पासष्टीपर्यंत थांबेल कशाला? ॲडलेडच्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या नोंदी तपासल्या तेव्हा साठीच्या आतल्या रुग्णांत एएफचं प्रमाण अ‍ॅबोरिजिनल लोकांमध्ये जास्त निघालं होतं. पुढे न्यू साउथ वेल्स, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरीमधल्या अ‍ॅबोरिजिनल दवाखान्यांत हातात मावणारं ईसीजी यंत्र देऊन ४५ वर्षांपासून पुढच्या लोकांची तपासणी केली गेली. २०२१ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासाचा रोखही हाच, की ६५ ची रेषा इथे उशिराची आहे.

गंमत बघा, गोळी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या गुणपत्रिकेला ही अडचण नाही. इथे वापरतात त्या पद्धतीत स्त्री असण्याचा वेगळा गुण काढून टाकला आहे. मधुमेहाचा एक, रक्तदाबाचा एक. झाले दोन, आणि दोनला गोळी द्या असं लिहिलेलं आहे. म्हणजे अंकल ५४ व्या वर्षीच पास झालेले होते. गोळीला वयाची अट नव्हती, अट होती ती फक्त बघण्याला.

तुमच्यातले हुशार लोक आता हात वर करतील, मला माहीत आहे. डेन्मार्कच्या ‘लूप’ अभ्यासात छातीत कातडीखाली यंत्र बसवून लोकांवर पाळत ठेवली, एएफ तिप्पट सापडलं, पण पक्षाघात म्हणावे तसे कमी झाले नाहीत. अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने २०२२ मध्ये पुरावा अपुरा म्हणून हात वर केले. स्वीडनमध्ये ७५–७६ वर्षांच्या लोकांना दोन आठवडे रोज पट्टी काढायला लावली, तेव्हा फायदा निघाला, पण बारीक. हे सगळं खरं आहे आणि ते वाचल्याशिवाय माझ्याशी भांडू नका. पण डेन्मार्कच्या सत्तरीतल्या माणसाच्या कातडीखालच्या यंत्रात पाच-सात मिनिटांचं एएफ सापडणं वेगळं, आणि पन्नाशीतली, मधुमेह असलेली, वर्षातून दोनदाच दवाखान्यात येणारी बाई समोर बसलेली असताना तिची नाडी वेडीवाकडी चालली आहे हे दिसणं वेगळं. पहिल्याला मी शोधमोहीम म्हणेन. दुसऱ्याला आपल्याकडे नुसती तपासणी म्हणायचे.

मिरजेला आमच्या वॉर्डात रात्रपाळीच्या मुलाने नाडी ‘रेग्युलर’ असं न बघता लिहिलं की सर दुसऱ्या दिवशी त्याला सगळ्यांसमोर रुग्णाच्या खाटेशी उभं करायचे. एकाने स्टेथोस्कोपने हृदयाचे ठोके मोजायचे, दुसऱ्याने त्याच मिनिटात मनगटावर मोजायचे, आणि दोन आकड्यांत किती फरक पडला ते मोठ्याने सांगायचं. हे तुम्हालाही शिकवलेलं आहे, नागपूरला असो, सोलापूरला असो नाहीतर केईएमला. इथे शिकलेल्या तरुण डॉक्टरांचा हात मनगटाकडे सहज जात नाही, कारण त्यांना नेहमीच यंत्र मिळालं. आपल्याला मिळालं नाही म्हणून आपल्याकडे हे आहे. इथे येऊन ते विसरायला मला दोन वर्षंसुद्धा लागली नाहीत.

यंत्राला मी नावं ठेवत नाही. उलट त्या दवाखान्यात ते चपटं, च्युइंगमच्या पट्टीएवढं ईसीजी यंत्र मला फार उपयोगी पडलं. दोन्ही हातांची बोटं त्यावर ठेवायची, तीस सेकंद, आणि फोनवर पट्टी उमटते. मोठ्या ईसीजीला सदरा काढावा लागतो, छातीवर चिकटपट्ट्या लावाव्या लागतात. तिथल्या इंग्रजीत ‘शेम’ हा फार जड शब्द आहे. आपल्या ‘लाजे’पेक्षा जड, ‘आब जाण्या’च्या जवळचा. बायकांच्या गोष्टी बायकांत, पुरुषांच्या पुरुषांत, ही मर्यादा तिथे पक्की आहे. साठीचे गृहस्थ एका परक्या देशातून आलेल्या बाईसमोर छाती उघडी टाकून पडणार नाहीत. ‘नको’ असंही म्हणणार नाहीत. ‘हो हो, पुढच्या वेळी’ म्हणतील आणि येणार नाहीत. बोटं मात्र कुणीही देतं.

तरी त्याच्या खोड्या शिकून घ्या. थंडीत बोटं गारठलेली असली की पट्टी धड येत नाही. कुंपणाच्या तारा ओढून, मेंढ्यांची लोकर कातरून हात घट्टे पडलेले असतील तर बोटं ओली करावी लागतात. हात थरथरत असेल तर यंत्र गोंधळतं, तेव्हा कोपर टेबलावर टेकवायला सांगा. हवेतल्या हवेत हात धरून बसू देऊ नका. आणि खाली ‘शक्यता आहे’ असं यंत्राने लिहिलं म्हणून आजार झाला नाही, तसंच ‘नॉर्मल’ लिहिलं म्हणून तुमची सुटका झाली नाही. पट्टी स्वतः वाचा. पी-लहरी दिसतात का, ठोक्यांतली अंतरं कुठल्याच हिशेबात बसत नाहीत का. मधूनच चुकार ठोका टाकणाऱ्या बऱ्याच जणांना यंत्र उगाच घाबरवतं.

आता सर्वात महत्त्वाचं. यंत्र तुमच्या हातात नको. ते अ‍ॅबोरिजिनल हेल्थ वर्करच्या हातात हवं. आपल्या आरोग्यदूतांसारखी ही माणसं, पण त्यांच्यातल्या प्रॅक्टिशनर्सची २०१२ पासून देशपातळीवर रीतसर नोंदणी होते, डॉक्टर-नर्सची होते तशीच. आमच्याकडच्या हेल्थ वर्करने मला पहिल्या आठवड्यात काम करताना पाहिलं आणि दुसऱ्या आठवड्यात यंत्र माझ्या टेबलावरून उचलून नेलं. मी काय करत होते? समोर बसलेल्या आंटीला पक्षाघाताची टक्केवारी सांगत होते! हेल्थ वर्कर काय करायची? अंगणातल्या बाकावर, झाडाखाली, चहाचा कप हातात घेऊन आधी अर्धा तास गप्पा. कोण कुणाचं, कुणाची पोरगी डब्बोला गेली, नदीला पाणी कधी येणार. मग मधेच, ‘बोटं दे गं आंटी, बघू तुझं हृदय काय बोलतंय.’ तीस सेकंद तिघी गप्प. मग पट्टी सरळ आंटीच्या हातात. ती बघायची, शेजारणीला दाखवायची, शेजारीण म्हणायची माझीही काढ. तासाभरात सहा जणी. माझ्या खोलीत सगळ्या सकाळभरात दोन झाल्या होत्या.

त्या बाकावर एकदा ४१ वर्षांच्या एका बाईची पट्टी निघाली. अंतरं सगळी विस्कटलेली. यंत्राचं काम तिथे संपलं. मी तिला आत नेलं, कुशीवर वळायला सांगितलं, आणि हृदयाच्या टोकाशी स्टेथोस्कोप ठेवला. तो आवाज ऐकला आणि मी एकदम मिरजेत पोचले. लांबून गाडी उतारावर घरंगळत यावी तसा. माइट्रल झडप आकसलेली. लहानपणी घसा धरला होता, सांधे सुजले होते, कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

संधिवाताच्या तापाने होणारा हा हृदयविकार बाकीच्या ऑस्ट्रेलियात जवळपास संपला आहे, अ‍ॅबोरिजिनल वस्त्यांमध्ये मात्र आहे, आणि उत्तरेला तर फार आहे. दाटीवाटीची घरं, पुरेसं पाणी नाही, अंगावर खरूज, घशात जंतू. आपल्याला यातलं काहीही नवं नाही. आणि इथे एक चूक जीवावर बेतते, म्हणून नीट वाचा. झडप बऱ्यापैकी आकसलेली असेल तर ती गुणपत्रिका काढायचीच नाही, रक्त पातळ करायचं औषध द्यायचंच. आणि नव्या गोळ्या नाहीत, जुनं वॉर्फरिन. २०२२ च्या ‘इन्व्हिक्टस’ अभ्यासात, ज्यात आपल्याकडचेही रुग्ण होते, नव्या गोळीपेक्षा जुन्याच औषधावरची माणसं जास्त जगली. वॉर्फरिन म्हणजे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी), आयएनआर म्हणजे बोटाला टोचून जागेवर तपासायचं यंत्र आणि ते वेळेवर करणारं माणूस. त्यामुळे तरुण माणसात एएफ सापडलं की आधी स्टेथोस्कोप, मग इको, मग औषधाचं नाव. इकोसाठी आमच्याकडून डब्बो साडेतीनशे किलोमीटर. ‘रेफर केलं’ असं लिहून मोकळं होऊ नका. गाडी कोण नेणार, पोरं कुणाकडे राहणार, घरात कुणाचं मरण झालं असेल तर ते दिवस वगळून तारीख कुठली, एवढं ठरेपर्यंत रेफरल म्हणजे नुसता कागद.

औषधाच्या पैशांची मात्र फार काळजी करू नका. क्लोजिंग द गॅप या मूळ रहिवाशांसाठीच्या योजनेत नाव असेल तर पीबीएसची (सरकारी अनुदानाच्या यादीतली) गोळी सवलतीच्या दरात किंवा फुकट मिळते, आणि फार दुर्गम भागात दवाखान्यातूनच फुकट देता येते. नाव नोंदलेलं आहे का ते तेवढं बघा. किडनीचा आकडा बघितल्याशिवाय डोस लिहू नका. ‘तोवर अ‍ॅस्पिरिन’ हा प्रकार तर विसराच, त्याने पक्षाघात टळत नाही आणि पोटातून रक्त जातं ते वेगळंच.

पैसे अडतात ते दुसरीकडे. ऑगस्ट २०२० मध्ये मेडिकेअरने ईसीजीचे नियम बदलले. जीपीने, म्हणजे आपल्यासारख्या फॅमिली डॉक्टरने, बारा लीडची (छातीवर चिकटपट्ट्या लावून काढायची) पट्टी काढली तर पट्टी काढण्याचे पैसे मिळतात, ती वाचण्याचे मिळत नाहीत. हातातल्या यंत्राच्या एका लीडच्या पट्टीचे तर काहीच नाहीत. जिथे हृदयतज्ज्ञ साडेतीनशे किलोमीटरवर आहे तिथे ती पट्टी जीपी नाही वाचणार तर कोण वाचणार, हे कॅनबेरात कुणीतरी विचारायला हवं होतं. जीपींच्या संघटनांनी तेव्हा आरडाओरडा केला. तुम्ही सभासद व्हाल तेव्हा पुन्हा करा. एरवी आपण मराठी माणसं इथे फार गुमान राहतो, व्हिसाची काळजी असते, कळतं मला. तोवर वाट आहे ती ७१५ ची. अ‍ॅबोरिजिनल रुग्णांची ही वार्षिक तपासणी मेडिकेअरमधून होते आणि तिच्यात नाडीचा नुसता वेगच नाही, लयही बघणं अपेक्षित आहे. तो चौकोन न बघता टिक करू नका. मी करत होते.

आणखी एक. शंभर-दोनशे पट्ट्या गोळा झाल्या की एक छोटासा पेपर लिहून टाकू, असा मोह तुम्हाला होणार. फेलोशिपच्या अर्जात बरा दिसतो. तेवढा आवरा. या लोकांना मोजून, मापून, रक्त काढून नेणाऱ्यांची रांग शंभर वर्षांची आहे, आणि परत येऊन काय सापडलं ते सांगणारे थोडे. बाकावरच्या एका आंटीने मला विचारलं होतं, ही माझी पट्टी फोनमधून कुठे जाते? मला सांगता आलं नाही. कंपनीच्या सर्व्हरवर जाते, आणि तो कुठल्या देशात आहे हे मलाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने सगळी खाती दवाखान्याच्या नावावर करून घेतली आणि रुग्णांची नावं काढून नंबर टाकले. खरं तर पहिल्याच दिवशी हे मी विचारायला हवं होतं. अभ्यास करायचाच असेल तर दवाखान्याच्या संचालक मंडळासमोर जाऊन बसा. ते नाही म्हणाले तर नाही.

अंकल त्यानंतर चौदा महिने जगले. व्हीलचेअरवर दवाखान्याच्या अंगणात येऊन बसायचे, त्याच बाकाशेजारी. बोलता यायचं नाही, पण यंत्र बाहेर आलं की डावा हात पुढे करायचे. उजवा हेल्थ वर्कर उचलून धरायची, बोटं यंत्रावर टेकवायची. त्यांची पट्टी काढण्यात वैद्यकीय अर्थ काही उरला नव्हता, आजार माहीत होता, औषध चालू होतं. तरी ती दर वेळी काढायची. मग नवीन आलेला माणूस ते बघून आपलीही बोटं पुढे करायचा.

तुमची,
पश्चिम न्यू साउथ वेल्समधली एक मराठी जीपी

ता. क. त्या यंत्रात सीआर २०१६ हा गोल सेल लागतो. गावातल्या दुकानात २०३२ मिळतो, तो जाड असतो, बसत नाही. येताना शहरातून चार-पाच घेऊन या.